पुसायच्या रेघा

अमूर्त चित्रं कशी जन्माला येतात, याची एक ठरलेली गोष्ट आहे. चित्रकार इमारतीसमोर उभा राहतो आणि ती जशी दिसते तशी काढतो. पुढच्या चित्रात दारं-खिडक्यांचे बारकावे जातात. त्यापुढच्या चित्रात छप्पर जातं, सावल्या जातात, आणि सरतेशेवटी उरतात ते चौकोन आणि रेघा. थोडक्यात, इमारत वजा तपशील बरोबर अमूर्त चित्र. माझ्यासारख्या इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन पटते, कारण आमच्या धंद्यात ‘ॲब्स्ट्रॅक्शन’चा अर्थ जवळपास हाच आहे : नको ते झाका, लागेल तेवढंच दाखवा.

गोष्ट खोटी नाही. पण ती एका चित्रकाराला इतकी चपखल बसली की मग सगळ्यांच्याच अंगावर चढवली गेली. नसरीन मोहम्मदीच्या अंगावर ती चढवली की मात्र कुठेतरी उसवते. कुठे उसवते ते मला बघायचंय. त्यासाठी आधी तो पहिला चित्रकार बघावा लागेल.

पीट मोंद्रियान १९१२ साली हॉलंडहून पॅरिसला आला. त्याचा स्टुडिओ मोंपार्नास स्टेशनच्या शेजारी होता. त्या भागात जुन्या इमारती पाडण्याचं काम चालू होतं. इमारत पाडली की तिला चिकटून उभ्या असलेल्या शेजारच्या भिंतीवर पाडलेल्या घरांचे ठसे राहतात. मुंबईकरांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. गिरगावात किंवा लालबागेत एखादी जुनी चाळ पडली की बाजूच्या भिंतीवर चार मजल्यांचा हिशेब उघडा पडतो. हा पोपटी चौकोन म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर, हा गुलाबी म्हणजे बाहेरची खोली, ही आडवी काळपट रेघ म्हणजे पोटमाळा, आणि कोपऱ्यात मोरीच्या पांढऱ्या टाइल्सची अर्धी रांग. मोंद्रियानने अशा भिंतींची रेखाटनं केली आणि त्यावरून १९१३-१४मध्ये तैलचित्रं केली. त्यांतल्या काही लंबगोलात बसवलेल्या चित्रांत फिकट गुलाबी, निळे, पिवळसर तुकडे तुटक काळ्या रेघांत अडकलेले दिसतात. एकात तर ‘कुब’ अशी रोमन अक्षरं राहून गेली आहेत. भिंतीवरच्या सूपच्या वड्यांच्या जाहिरातीतली ती अक्षरं.

ही अक्षरं मला फार आवडतात. सगळं वजा करत चाललेल्या माणसाच्या हातून एक पाटी शिल्लक राहिली. पुढे युद्ध सुरू झालं, मोंद्रियान १९१९पर्यंत हॉलंडमध्ये अडकला, आणि तिथे त्याने डोंबर्ग गावच्या चर्चचा दर्शनी भाग घेऊन हीच वजाबाकी आणखी पुढे नेली. चर्चच्या कमानी गेल्या आणि आडव्या-उभ्या आखूड रेघा राहिल्या. लाल-पिवळ्या-निळ्याची जी चित्रं आज साड्यांपासून मोबाइलच्या कव्हरांपर्यंत सगळीकडे दिसतात, ती त्यानंतरची. म्हणजे मोंद्रियानच्या बाबतीत गोष्ट खरी आहे. एका टोकाला भिंत आहे, दुसऱ्या टोकाला चौकोन आहेत, आणि मधल्या पायऱ्या वहीत जपून ठेवलेल्या आहेत. आमच्या भाषेत सगळी व्हर्जन हिस्टरी उपलब्ध.

दुसरी वाट एल्सवर्थ केलीची. हा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात तो कॅमोफ्लाजच्या पलटणीत होता. नुसत्या आकारांनी आणि रंगांनी शत्रूच्या डोळ्याला कसं फसवायचं हे त्याचं सैन्यातलं काम. युद्धानंतर १९४८ ते १९५४ तो फ्रान्समध्ये राहिला. १९४९ साली पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात भिंतीवरच्या चित्रांपेक्षा तिथली एक उंच खिडकीच त्याला जास्त आवडली. घरी येऊन त्याने ती तशीच बनवली : कॅनव्हास आणि लाकूड जोडून, चौकटीच्या पट्ट्यांसकट, पांढऱ्या, राखाडी आणि काळ्या रंगात. वजाबाकी नाही, सोपं करणं नाही. खिडकीच उचलून आणली आणि तिला चित्र म्हटलं. ज्याने खिडकी पाहिलेली नाही त्याला हे शंभर टक्के अमूर्त वाटतं, आणि ज्याने पाहिली आहे त्याला फोटोइतकं वास्तव.

तर एकाने इमारत उणी करत नेली, दुसऱ्याने तिचा तुकडा जसाच्या तसा घेतला. दोघांतही इमारत आधी आहे आणि चित्र नंतर. नसरीनच्या बाबतीत मला हा क्रमच संशयास्पद वाटतो.

*

नसरीन मोहम्मदीचा जन्म कराचीचा, १९३७चा. फाळणीच्या आधीच कुटुंब मुंबईत आलं. वडिलांचा आखातात, बहरीनमध्ये व्यवसाय होता. त्यामुळे लहानपणापासून समुद्र आणि वाळवंट या दोन मोकळ्या सपाट गोष्टी तिच्या परिचयाच्या होत्या. १९५४ ते १९५७ ती लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, आणि १९६१च्या सुमारास शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेली. मधल्या काळात मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये तिला काम करायला जागा होती. समुद्राकाठचा तो बंगला आता नाही. तेव्हा मात्र एका खोलीत चित्रकार, दुसरीत सतार, गच्चीवर अल्काझींचं नाटक असा तिथला कारभार होता. तिथेच तिची वासुदेव गायतोंडे यांच्याशी ओळख झाली. ते तिच्यापेक्षा १३ वर्षांनी मोठे. गायतोंड्यांना ‘अमूर्त’ हा शब्द मंजूर नव्हता. आपलं काम ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ आहे असं ते म्हणत. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते काढून टाकलं, असा अर्थ होतो. त्यांना ते ‘आधी’च नको होतं. हा भेद नुसता शब्दांचा वाटेल, पण नसरीनकडे जाताना तो खिशात असू द्यावा.

सुरुवातीला तिने तैलरंगात, जलरंगात, शाईच्या ओघळांत काम केलं. त्यांत झाडाच्या फांद्यांसारखं, कातळासारखं काही ओळखू येतं. १९७०च्या आसपास हे सगळं थांबलं. ब्रश गेला, रंग गेला, कॅनव्हास गेला. कागद, पेन्सिल, शाई, आणि ड्राफ्ट्समनच्या टेबलावरची मोजूनमापून रेघ मारायची उपकरणं राहिली. १९७२ साली ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभागात शिकवायला लागली आणि पुढची जवळपास सगळी वर्षं तिथेच काढली. विद्यार्थ्यांच्या आठवणींत तिचं घर येतं ते जवळजवळ रिकामं असं. पांढऱ्या भिंती, लख्ख पुसलेली फरशी आणि रेखाटनाचं टेबल. आता याला चित्रकला म्हणायचं की रेखाटन, हा प्रश्न कुणी विचारला तर मी तरी वाद घालणार नाही. तिच्यासाठी तेच चित्र होतं. त्याच्यापुढे जाऊन तिने दुसरं काही रंगवलं नाही.

सत्तरच्या दशकातल्या कागदांवर जाळ्या आहेत. आडव्या रेघा कागदभर, त्यांना छेदणाऱ्या तिरक्या किंवा उभ्या, काही ठिकाणी दाट, काही ठिकाणी विरळ, कुठे शाई गडद तर कुठे पेन्सिल इतकी फिकट की कागद तिरका धरल्याशिवाय दिसू नये. ऐंशीच्या दशकात जाळी विरते. मोठ्या पांढऱ्या कागदावर दोन-चार तिरकस पट्टे, एखादा त्रिकोण, एखादी कमान तरंगत राहते. बहुतेक कामांना शीर्षक नाही. बहुतेकांवर तारीखही नाही.

आणि फोटो. नसरीन आयुष्यभर फोटो काढत होती. हयातीत तिने ते कधीच प्रदर्शनात मांडले नाहीत. १९९०नंतर ते हळूहळू लोकांसमोर आले. त्यांत समुद्रकिनारे आहेत, मागावर ताणलेले धागे आहेत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आहेत, आणि इमारती आहेत : फतेहपूर सिक्रीच्या आणि चंडीगढच्या. आपली ती ठरलेली गोष्ट इथे परत येते. आता प्रदर्शनात आणि पुस्तकात फोटो आणि चित्र शेजारी-शेजारी ठेवले जातात. डावीकडे फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, उजवीकडे जाळीचं चित्र. प्रेक्षक मान डावीकडून उजवीकडे वळवतो आणि ‘अच्छा, असं आहे होय’ म्हणून पुढे जातो. मीही हे केलं आहे. कोडं सुटल्याचा आनंद होतो, यात शंका नाही.

पण फोटो नीट बघितले की अडचण येते. फतेहपूर सिक्री १५७१च्या सुमारास अकबराने बांधायला घेतली आणि १५८५मध्ये ती सोडून गेला. तिथे जाणारा माणूस बुलंद दरवाजासमोर फोटो काढतो. माझ्या पाहण्यात आलेल्या नसरीनच्या फोटोंत बुलंद दरवाजा नाही, घुमट नाही, जाळीदार संगमरवर नाही. आहेत ते दगडांमधले सांधे, पायरीची कड, अंगणातल्या फरशीवर पडलेल्या सावलीची सरळ रेघ. सिक्रीचं बरंचसं बांधकाम तसंही कमानीपेक्षा खांब आणि तुळईवर उभं आहे. लाल दगड लाकडासारखा वापरून सुतारकाम केल्यासारखं. पंचमहालात तर एकावर एक पाच मजले नुसत्या खांबांचे : खाली ८४, मग ५६, २०, १२ आणि सगळ्यात वर ४. एकूण १७६ खांब आणि भिंत जवळजवळ नाहीच. तिथे फिरताना डोळ्यांना जे लागतं ते खांब नसून दोन खांबांमधलं अंतर, आणि चालताना ते अंतर जे कमी-जास्त होत राहतं ते. नसरीनच्या फोटोंत इमारत कधीच पूर्ण येत नाही. म्हणजे फोटोतच वजाबाकी होऊन गेलेली आहे. मग चित्रात कशाची करायची?

चंडीगढचंही तसंच. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं म्हणून पंजाबला राजधानी हवी होती. ती आधी कागदावर आखली गेली : ८०० मीटर गुणिले १२०० मीटरचे सेक्टर, आणि एका टोकाला ल कॉर्बुझिएचं कॅपिटॉल संकुल. तिथलं सचिवालय २५४ मीटर लांब आहे. त्याच्या दर्शनी भागावर ऊन अडवणारी काँक्रीटची खणं एकापुढे एक लागलेली आहेत. काँक्रीटला गिलावा नाही. सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवले आहेत. जवळ गेलं की अख्ख्या भिंतीवर फळ्यांच्या कडांच्या बारीक रेघा दिसतात. त्या फळ्या कधीच्या निघून गेल्या. कॉर्बुझिएने या सगळ्या मापांसाठी माणसाचं शरीर धरलं होतं, १.८३ मीटर उंचीचा, हात वर केलेला माणूस. नसरीनच्या कागदावर असा कुठलाही माणूस मोजपट्टीला धरलेला नाही.

*

माझा मुद्दा इथून सुरू होतो, आणि तो कलासमीक्षकाचा नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला ‘इंजिनिअरिंग ग्राफिक्स’ नावाचा विषय होता. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही तो आठवत असेल : पाठीवर शीट ठेवायची नळी, हातात मिनी ड्राफ्टर, आणि बसमध्ये त्या ड्राफ्टरचा दांडा कुणाच्या तरी बरगडीत. त्या विषयात सगळ्यात आधी शिकवतात ते रेघांचे प्रकार. वस्तूची दिसणारी कड म्हणजे जाड अखंड रेघ. न दिसणारी कड तुटक. मध्यरेषा लांब-आखूड-लांब. आणि या सगळ्यांच्या आधी काढायच्या त्या कन्स्ट्रक्शन लाइन्स. टू-एच पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. वरच्या चित्रातला बिंदू खालच्या चित्रात उतरवायला, कोन लावायला, अंतर सारखं विभागायला. या रेघांचा वस्तूशी संबंध नसतो. त्या वस्तूला जागेवर बसवण्यापुरत्या असतात. शीट दाखवायच्या आधी जास्तीच्या रेघा खोडरबराने पुसायच्या. सर शीट उजेडाकडे धरून बघायचे.

साइटवरही हेच असतं. पाया खणायच्या आधी मोकळ्या प्लॉटवर दोऱ्या ताणून फक्कीने आखणी करतात. पांढऱ्या रेघांत अख्खं घर जमिनीवर झोपलेलं असतं. मग खणायला सुरुवात झाली की दुपारपर्यंत त्या रेघा नाहीशा होतात. गवंडी भिंत चढवताना दोन टोकांना दोरी बांधतो, ओळंबा सोडतो. भिंत झाली की दोरी सोडून खिशात. इमारत म्हणजे काय, तर या सगळ्या तात्पुरत्या रेघा गेल्यानंतर जे उभं राहतं ते.

दिल्लीला साकेतच्या किरण नाडर म्युझियमच्या संग्रहात नसरीनचं काम मोठ्या प्रमाणावर आहे. ऑफिसच्या कामासाठी गेलो असताना तिथल्या एका प्रदर्शनात तिचे तीन-चार कागद पाहायला मिळाले. मी त्यात इमारत शोधत होतो, फोटो-आणि-चित्र या जोड्या डोक्यात होत्या. इमारत सापडली नाही. त्याऐवजी ओळखीच्या निघाल्या त्या रेघा. एकही जाड अखंड रेघ नाही, कुठल्याही वस्तूची कड नाही. सगळ्याच्या सगळ्या त्या फिकट, मोजलेल्या, बसवणाऱ्या, आखणीच्या रेघा. पहिल्या वर्षाला ज्या पुसायला सांगितल्या जात त्याच. नसरीनने त्या पुसल्या नाहीत. तिने वस्तूच काढली नाही.

म्हणून मला वाटतं की तिच्या चित्रात वास्तुकला आहे, पण ती डोळ्यासमोरची इमारत म्हणून आलेली नाही. तिने वास्तुकलेकडून आकार घेतला नाही, काम करायची रीत घेतली : अंतर ठरवणं, ते पुन्हा-पुन्हा घालणं, आणि नेमक्या एका जागी ते मोडणं. मोंद्रियानची वजाबाकी इमारत उभी राहिल्यानंतरची आहे. नसरीन इमारतीच्या आधीच्या क्षणी थांबलेली आहे, फक्की टाकून झाली आहे आणि कुदळ अजून पडलेली नाही अशा वेळी. मग फोटो कशासाठी? मला ते चित्राची पहिली पायरी वाटत नाहीत. तीच नजर दुसऱ्या उपकरणातून चालवून बघणं वाटतं. काँक्रीटवरचे फळ्यांचे ठसे, दगडांमधले सांधे, मागावरचे ताणलेले धागे : सगळीकडे ती बांधणी चालू असतानाच्या खुणा शोधते. कापड होण्याआधीचा ताणा आणि भिंत होण्याआधीची दोरी यांत तसा फार फरक नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो तिच्या हयातीतच तिच्या अवतीभवती होता. बडोदा म्हणजे त्या काळी गोष्ट सांगणाऱ्या चित्रांचं केंद्र. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर अशी मंडळी. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन झालं. त्यात शेख आणि खख्खर यांच्याबरोबर नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन होते. नावातच सगळं आलं : माणसांसाठी जागा. आणीबाणी नुकतीच होऊन गेलेली, गिरण्यांमध्ये असंतोष, आणि चित्रात माणूस आला पाहिजे, त्याचा रस्ता, त्याची खोली, त्याचं हॉटेल आलं पाहिजे असा तो आग्रह. पटवर्धनांच्या चित्रांत इमारती आहेतच, पण त्या राहत्या आहेत. गॅलरीत माणूस उभा आहे, पुलाखाली माणूस बसला आहे. त्यांच्या शेजारी नसरीनचा कागद ठेवला तर कुणीही विचारेल की बाई, माणसं कुठे गेली?

हा प्रश्न मला टाळावासा वाटत नाही. मी स्वतः पटवर्धनांच्या चित्रासमोर जास्त वेळ उभा राहतो, कारण त्यातला रस्ता मला माहीत असतो. पण त्या प्रदर्शनासाठी निबंध लिहिणाऱ्या गीता कपूर यांनीच पुढे नसरीनवर एक दीर्घ आणि हळवा निबंध लिहिला, तोही शोकगीताच्या अंगाने. माणसांच्या बाजूने उभं राहिलेल्या समीक्षकेला तिथेही माणूस दिसला असणार. मला तो दिसतो तो रेघांमधल्या अंतरात. ड्राफ्टर रेघ सरळ ठेवतो, समांतर ठेवतो. पुढची रेघ दोन मिलिमीटरवर मारायची की दीडवर, हे तो सांगत नाही. कागदभर दोनशे रेघा असतील तर दोनशे वेळा कुणीतरी थांबून ते ठरवलं आहे. जाळी बारकाईने बघितली की कळतं, अंतर एकसारखं नाहीच. ते श्वासासारखं हलतं.

यातच तिच्या आजाराची गोष्ट येते, आणि ती सांगताना लोक फार घाई करतात. नसरीनला मज्जासंस्थेचा आजार होता. हळूहळू शरीरावरचा ताबा कमी करत जाणारा. पुढच्या वर्षांत हालचाली अवघड होत गेल्या, आणि रेघा मात्र तशाच तंतोतंत राहिल्या. याला चमत्कार म्हणायचा मोह होतो. मला चमत्कार दिसत नाही, निवड दिसते. ड्राफ्ट्समनची उपकरणं जन्माला आली तीच मुळी हात चित्रातून बाहेर ठेवण्यासाठी. कुणाही ड्राफ्ट्समनने काढला तरी नकाशा सारखाच दिसला पाहिजे, म्हणून पट्टी, म्हणून सेट-स्क्वेअर. ज्या हाताचा भरवसा देता येत नाही त्याच्यासाठी याहून योग्य हत्यार नाही. पण उपकरण आजाराआधी आलं होतं. तिने ते सक्तीने धरलं नव्हतं, आणि सक्ती आली तेव्हा ते हाताशी होतं. तिच्या डायऱ्यांची पानं बघितली तर तिथेही ती लिहिलेल्या मजकुरावर पट्टे ओढून पानं झाकताना दिसते. शब्द आहेत, पट्ट्यांच्या मधून एखाद-दुसरा डोकावतो. दिवसालाही आखणीच लावलेली.

*

एक गोष्ट मला माझ्या कामामुळे सांगता येते, म्हणून सांगतो. मी ज्या टीममध्ये आहे ती नकाशे ब्राउझरमध्ये दाखवायचं सॉफ्टवेअर लिहिते. आर्किटेक्टने काढलेली फाइल उघडायची आणि तिच्यातल्या लाखभर रेघा स्क्रीनवर उमटवायच्या. बाहेरून सोपं वाटतं. पण स्क्रीनवर रेघ नसतेच. असतात ते ठिपक्यांचे चौकोन. तिरकी रेघ म्हणजे एक जिना. कुठल्या पायरीवर कुठला ठिपका पेटवायचा याचा आजही शिकवला जाणारा हिशेब जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये असताना बसवला. जिन्याच्या कडा डोळ्यांना खुपू नयेत म्हणून आम्ही आजूबाजूचे ठिपके राखाडी करतो. म्हणजे रेघ पुसट करून सरळ भासवतो. आणि रेघा खूप बारीक, खूप जवळ आल्या की आणखी एक भानगड होते. ठिपक्यांची जाळी आणि रेघांची जाळी एकमेकींत अडकतात आणि चित्रात नसलेल्याच लाटा स्क्रीनवर दिसायला लागतात. टीव्हीवर बारीक चौकड्यांचा शर्ट थरथरताना दिसतो, तसं. आमच्याकडे याच्या तक्रारी नियमित येतात.

नसरीनची चित्रं फोनवर बघितलीत तर तुम्हाला हेच होईल. मला झालं. दिल्लीला जाण्याआधी मी तिची जाळीची चित्रं स्क्रीनवरच पाहिली होती, आणि त्यातल्या झुळझुळत्या लाटा मला तिच्याच वाटल्या होत्या. झूम केलं की लाट सरकायची, दुसऱ्या झूमला दुसरीकडे जायची. प्रत्यक्ष कागदावर लाट नाही. तिथे फिकट होत जाणारी पेन्सिल आहे, शाईचा दाब आहे, आणि कागदाचा खरखरीतपणा आहे ज्यावर रेघ सूक्ष्मशी अडखळते. मोंद्रियानचं चित्र पोस्टकार्डावरही निम्मं तरी पोचतं. हे पोचत नाही. त्यामुळे या लेखात तिचं चित्र असतं तरी ते तिचं चित्र नसतं. इतक्या उशिरा तिची जगभर दखल घेतली जाण्यामागे इतर कारणं आहेतच, ती बाई होती, बडोद्यात होती, विकायच्या मागे नव्हती. पण छापखान्यात आणि स्क्रीनवर न टिकणारी रेघ हेही त्यातलं एक असावं असं मला वाटतं.

दखल घेतली गेली ती मात्र मोठी होती. २००७ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटामध्ये तिची चित्रं लागली. २०१३ साली दिल्लीत तिच्याच विद्यार्थिनीने, रूबिना करोडे यांनी, मोठं सिंहावलोकन मांडलं. २०१५मध्ये माद्रिद. आणि मार्च २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मॅडिसन अव्हेन्यूवर नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांतलं एक तिचं होतं. ती इमारत मार्सेल ब्रॉयरची, १९६६ची. बाहेरून राखाडी ग्रॅनाइट, आत उघडं काँक्रीट, सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे असलेलं. दालनांच्या छताला काँक्रीटच्या चौकोनांची टांगलेली जाळी आहे, आडव्या-उभ्या पट्ट्यांची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिच्याखाली नसरीनचे कागद लागले होते, कागदाला सोसेल इतक्या मंद उजेडात. १९९०मध्ये ती गेली तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला होती, तिच्या कुटुंबाच्या समुद्राकाठच्या घरी. तिथल्या किनाऱ्याचेही तिने फोटो काढले आहेत : ओहोटीचं पाणी मागे जाताना वाळूवर सोडून जातं त्या रेघांचे, पुढची भरती यायच्या आत.